टिकेकरांच्या महादेवाचा टँकर

विद्याधर टिकेकरांनी पक्ष सोडला, देव सोडले आणि एकाहत्तराव्या वर्षी ते पृथ्वी वाचवणाऱ्या मंडळींत जाऊन बसले, अशी बातमी जुलैच्या पहिल्या आठवड्यात झाशीच्या लक्ष्मी गेटच्या आतल्या गल्लीत फिरत होती. कचोरीवाल्याच्या कढईपाशी ती निघाली तेव्हा टिकेकरांनी नुसता एक कागद हातात घेतला होता. शिंप्याच्या दुकानापर्यंत येईस्तोवर कागदावर सही झाली, आणि गल्लीच्या टोकाला पोचली तेव्हा टिकेकर जानवं खुंटीला अडकवून जर्मनीला भाषण द्यायला निघाले होते. तिकीट मुलीने काढलं होतं म्हणे.

बातमी खोटी. जानवं जागच्या जागी होतं, आणि जर्मनी सोडाच, गेल्या चार वर्षांत टिकेकर शेजारच्या बबीन्याच्या पुढे गेलेले नव्हते. खरं एवढंच, की गुरुवारी सकाळी ते पाण्याच्या टँकरसाठी एका सरकारी खिडकीसमोर रांगेत उभे होते आणि त्या खिडकीवर 'जलवायु परिवर्तन राहत कक्ष', म्हणजे हवामानबदल मदत खिडकी, अशी पाटी होती. गळ्यातला पक्षाचा गमछा त्यांनी डोळ्यांपर्यंत वर ओढला होता. बघणाऱ्यांना वाटलं, उन्हाची लू लागू नये म्हणून. बघणारे भोळे.

या गल्लीत टिकेकरांना ओळखत नाही असा माणूस नाही, आणि ज्याला ओळख नको होती त्यालाही त्यांनी व्हॉट्सअॅपवर गाठलेलं आहे. घराणं झाशीतलं जुनं. पूर्वज सुभेदाराच्या लष्कराबरोबर पूजा सांगायला म्हणून वाईकडून आले, एक महादेवाचं देऊळ आणि त्यामागचं घर मिळालं, आणि परत जायचं विसरले. विद्याधरांनी बत्तीस वर्षं एका वाहतूक कंपनीच्या गोदामात कारकुनी केली. आलेले खोके उतरवून घ्यायचे, पावतीवर सही करायची. निवृत्त झाल्यावर हाताला वेळ मिळाला आणि वेळेला मोबाइल. तेव्हापासून देशावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आहे. शिवाय ते मोहल्ला समितीचे अध्यक्ष आहेत. निवडणूक बिनविरोध झाली, कारण सभेची वेळ फक्त त्यांनाच ठाऊक होती.

हवामानाबद्दल त्यांचं म्हणणं साधं होतं. ऊन सूर्यनारायण देतात, पाऊस इंद्र देतो, आणि हे दोघं कुठल्याही परदेशी परिषदेला विचारून काम करत नाहीत. हवामान बदलतंय म्हणणारे लोक आपले कारखाने बंद पाडायला, आपल्या होळ्या विझवायला आणि आपल्या वरणाला फोडणी घालू न द्यायला टपलेले आहेत. फोडणीचा मुद्दा त्यांनी स्वतःच्या पदरचा घातला होता. मूळ संदेशात तो नव्हता.

आता कोणी म्हणेल, माणूस विज्ञानाच्या विरोधात होता. अजिबात नाही. त्यांनी ओसरीवर स्वखर्चाने तापमापक लावला होता. मे महिन्यात त्याने सेहेचाळीस दाखवलं. टिकेकरांनी तो उलटा करून पाहिला, मागे परदेशी अक्षरं दिसली, आणि तो चोराला हाकलावं तसा अडगळीत गेला. दुसरा आणला, शुद्ध स्वदेशी. त्याने सत्तेचाळीस दाखवलं. तेव्हा टिकेकरांनी तीन दिवस विचार केला आणि तो कूलरच्या तोंडासमोर टांगला. तिथे तो एकतीसवर येऊन गपगार राहिला. "हं," टिकेकर म्हणाले, "आता बरोबर चालतोय." संध्याकाळी त्याचा फोटो सगळ्या ग्रुपांवर गेला, खाली ओळ होती, 'देखिए, झाँसी की असली गर्मी.' खाली बत्तीस जणांनी हात जोडले.

त्यांची मुलगी इरा बबीन्याला शाळेत विज्ञान शिकवते. तीही काही कमी नाही. अंगात हिरव्या पृथ्वीचं चित्र असलेला टी-शर्ट, हातात स्टीलची बाटली, आणि शाळेतून आली की खोलीतला एसी अठरावर. टिकेकर तिला विचारत, "तुझी ती पृथ्वी आता बरी आहे का गं? थंडी वाजत असेल तिला." इरा दार लावून घेत असे. गार हवा बाहेर जाते ना.

पण मुद्दा महादेवाचा.

टिकेकरांच्या देवळाचा गाभारा लहान आहे, चार पायऱ्या खाली उतरून जावं लागतं. पावसाने फारच दगा दिला तर टिकेकरांनी काय करायचं हे दोनशे वर्षांपासून ठरलेलं आहे. अभिषेकाचं पाणी बाहेर जायची वाट चिंध्या आणि ओल्या मातीने बुजवायची, अंगणातल्या विहिरीतून कळशा आणायच्या आणि पिंड पूर्ण बुडेपर्यंत गाभारा भरायचा. मग देवाला सांगायचं, पाऊस पाडलास की मोकळं करू. सरळ सरळ धमकी आहे, पण मंत्रांत म्हटलेली असल्यामुळे तिला पूजा म्हणतात. पुनर्वसू नक्षत्रातल्या पहिल्या सोमवारी, दुपारी बाराच्या आत देव बुडायला हवा. बुडवण्याचा मान टिकेकरांचा, आणि गल्ली सगळी, मराठी, बुंदेली, सगळी, हात जोडून बघायला हजर.

एकदा देव बुडवला की गाभाऱ्याच्या डाव्या चौकटीवर शेंदराची एक आडवी रेघ ओढायची, ही घराण्याची पद्धत. पूर्वजांनी वरून सुरुवात केली आणि दोन रेघांत चांगली वीतभर जागा सोडली. पुन्हा कधी गरज पडेल, पडेल तेव्हा बघू, अशा निवांत लोकांच्या त्या रेघा. विद्याधरांनी पंचवीस वर्षांपूर्वी कारभार हाती घेतला तेव्हा चौकटीवर पाच रेघा होत्या. त्यानंतरच्या त्यांच्या रेघा दोन दोन बोटांवर आल्या होत्या, आणि शेवटची उंबऱ्याला टेकली होती.

इराने हे मागच्याच वर्षी दाखवलं होतं. "बाबा, जुन्या लोकांच्या सगळ्या टाइममध्ये तीन. आजोबांच्या पूर्ण जिंदगीत दोन. आणि तुमच्या पच्चीस सालात आठ. याचा काही मतलब?"

"आहे ना," टिकेकर म्हणाले. "आमच्या पिढीत भक्ती वाढली."

या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली, आणि टिकेकरांनी विहिरीत कळशी सोडली तर ती तळाशी जाऊन ठण्णकन वाजली. त्यांनी दोर हलवून पुन्हा सोडली. पुन्हा ठण्ण. देव बुडवायला निदान दोन हजार लिटर पाणी लागतं, आणि विहिरीत एक बेडूक होता, तोही नाराज.

नळ होते. गेल्या वर्षीच गल्लीत घरोघर नवे नळ बसले, फीत कापली गेली, टिकेकरांनी अध्यक्ष म्हणून भाषण केलं आणि पेढे वाटले. नळ आले आहेत, पाणी मागाहून येणार आहे. खासगी टँकर म्हणाल तर प्रशासनाने सगळे उन्हाळ्यापुरते ताब्यात घेतलेले.

बुधवारी संध्याकाळी चौकातल्या नव्या मंदिरातून निरोप आला. त्यांच्याकडे खोल बोअर आहे आणि पाच हॉर्सपॉवरचा पंप आहे. निरोप मोठा आदराचा होता: "पंडज्जी, इस बार आपसे न हो पाए तो संकोच मत करना. हम डुबो देंगे."

टिकेकरांना रात्रीचं जेवण गेलं नाही. दोनशे वर्षांत ज्या घराण्याने देव बुडवण्यात कसूर केली नाही, त्याचा मान आपल्या हातून पंपवाल्यांकडे जाणार. त्यांनी बायकोला, शकुंतलाबाईंना, हे सांगितलं. शकुंतलाबाई वीस दिवसांपासून दोन गल्ल्या पलीकडच्या हातपंपावरून पाणी आणत होत्या.

"अहो, तुमच्या महादेवाला बुडायला पाणी हवंय," त्या म्हणाल्या, "मला नुसती भांडी बुडवायला हवंय. तुम्ही अध्यक्ष ना? जा की मग खिडकीवर. तुमच्या सहीशिवाय टँकर गल्लीत येत नाही म्हणतात."

"त्या खिडकीवर काय लिहिलंय ठाऊक आहे तुला?"

"वाचायला पाठवत नाहीये मी तुम्हाला. पाणी आणायला पाठवतेय."

म्हणून ते गुरुवारी रांगेत उभे होते.

खिडकीत जयसिंग नावाचा टहरौलीकडचा तरुण कारकून होता. टिकेकरांना तो दद्दा म्हणे. त्याने फॉर्म पुढे सरकवला. वरच छापलेलं होतं: 'जलवायु परिवर्तन के कारण उत्पन्न जल संकट हेतु आवेदन'. टिकेकरांनी खिशातून पेन काढून 'जलवायु परिवर्तन' यावर काट मारली आणि वर सुंदर अक्षरात 'दैवी प्रकोप' लिहिलं.

जयसिंगने तो कागद शांतपणे फाडला आणि दुसरा दिला. "दद्दा, कागद तो दिखावे का है. भरना तो कंप्यूटर में है, और कंप्यूटर में तीनई कारन हैं."

त्याने पडदा टिकेकरांकडे वळवला. पहिलं कारण, जलवायु परिवर्तन. दुसरं, नई पाइपलाइन में पानी न आना. तिसरं, अन्य.

"अन्य," टिकेकर लगेच म्हणाले.

"अन्य लखनऊ जाता है. चालीस दिन में जवाब आता है."

चाळीस दिवसांनी पुनर्वसू नसतं. टिकेकरांची नजर दुसऱ्या ओळीवर गेली. पाइपलाइनमध्ये पाणी येत नाही. हे तर डोळ्यांसमोरचं सत्य होतं, सगळी गल्ली साक्षीला होती. त्यांनी बोट पुढे केलं, आणि तसंच अधांतरी ठेवलं. पाइपलाइन पक्षाच्या सरकारने आणली होती. पेढे त्यांनी स्वतः वाटले होते.

"एक मिनिट," म्हणून ते बाजूला झाले आणि त्यांनी आशुतोषला फोन लावला. आशुतोष पक्षाचा वॉर्डातला तरुण नेता; वय चौतीस, पांढरे कपडे, टिकेकरांना चाचाजी म्हणणारा.

"चाचाजी, पाइपलाइन का नाम भूल के भी मत लेना," आशुतोष म्हणाला. "अभी तो उद्घाटन की माला भी नहीं सूखी. और पिछले साल आपने ही तो लिख के दिया था, मोहल्ले में पानी की कोई कमी नहीं. फाइल में लगा है."

"फिर लिखूँ क्या?"

"जलवायु लिख दो ना. उसमें अपना कोई नहीं फँसता."

टिकेकरांनी गमछ्याने कपाळ पुसलं. "पर बेटा, वो तो विदेशी षड्यंत्र है. तुम्हीं ने भेजा था, संक्रांति पर."

"षड्यंत्र तो है, चाचाजी," आशुतोष समजुतीच्या सुरात म्हणाला, "पर काम का है."

फोन बंद झाल्यावर टिकेकर बराच वेळ रांगेच्या बाहेर, पिंपळाच्या सावलीत उभे राहिले. सावली म्हणजे नावापुरती. पानं पण आक्रसलेली. इतकी वर्षं त्यांनी ज्या शत्रूशी एकट्याने, रोज सकाळी सहा ते आठ, मोबाइलवर झुंज दिली होती, तो आता स्वपक्षाच्या आश्रयाला राहत होता, आणि त्यांना कोणी कळवलंही नव्हतं. असं वाईट वाटणं कोणाला सांगताही येत नाही. शेवटी ते पुन्हा खिडकीशी गेले.

"पहला," ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की जयसिंगला दोनदा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मागच्या रांगेतल्या कचोरीवाल्याने ऐकलं. बातमी तिथूनच निघाली.

पण एवढ्याने टँकर येतो असं कोणाला वाटत असेल तर त्याने सरकारी फॉर्म पाहिलेला नाही. सही आत्ता नाही, पाहणीच्या वेळी. आणि पाहणीला पुरावा लागणार होता. पूर्वी असं नव्हतं आणि आता असं आहे, याचा काहीतरी ठोस पुरावा. कारण गेल्या वर्षीचं टिकेकरांचं पत्र उलटंच सांगत होतं.

"फोटो, रिकॉर्ड, कुछ भी," जयसिंग म्हणाला. "शनिवार को मैं खुद आऊँगा. नहीं मिला तो ऊपर से लौट आएगा."

दोन दिवस टिकेकरांनी पुरावा शोधला. मोबाइलमध्ये पुरावे होते, हजारो. सगळे ऊन वाढलेलं नाही याचे. कूलरसमोरच्या तापमापकाचे तर बारा कोनांतून फोटो होते. शुक्रवारी रात्री जेवताना ते इराला म्हणाले, अगदी सहज, वरणाकडे बघत, "तुमच्या शाळेत काही असतं का गं? म्हणजे तक्ते वगैरे. पावसाचे."

इराने घास खाली ठेवला. "बाबा, तुम्ही मला तक्ते मागताय?"

"मी नाही. महादेव मागतोय."

"तक्ते कशाला हवेत? घरात आहे की पुरावा. रोज त्याला नमस्कार करून आत जाता."

टिकेकरांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी ताटावरून उठून हात धुतले, लोट्यातल्या अर्ध्याच पाण्यात.

शनिवारी जयसिंग मोटरसायकलवरून आला, घामाने निथळलेला. शकुंतलाबाईंनी त्याला तांब्याऐवजी फुलपात्रात पाणी दिलं आणि म्हणाल्या, "घूँट घूँट पीना, भैया. अध्यक्षजी का घर है, यहाँ पानी की कोई कमी नहीं, लिख के दिया हुआ है."

मग सगळे देवळात उतरले. इराने मोबाइलचा उजेड चौकटीवर धरला. जयसिंगने वरच्या रेघा पाहिल्या, वीत वीत अंतरावरच्या, पुसट, जुन्या. मग त्याचा हात खाली खाली आला, आणि रेघा जवळ जवळ, दाट, ताज्या होत उंबऱ्याशी येऊन अडल्या. तो मुलगा टहरौलीच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा. त्याला कोणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

"दद्दा," तो हळूच म्हणाला, "सन बोलते जाओ. मैं लिख लेता हूँ."

टिकेकरांना आता काहीही म्हणता आलं असतं. ही आमची श्रद्धा आहे, हा तुमच्या कंप्यूटरचा माल नाही, असं म्हणून त्याला वर पाठवता आलं असतं. मग सोमवारी चौकातल्या पंपाने देव बुडवला असता. त्यांनी डोळे मिटले आणि पणजोबांपासून सन सांगायला सुरुवात केली. जुने सन सांगताना प्रत्येकामागे एक गोष्ट होती. अमक्या साली गुरं सोडून दिली, तमक्या साली आजोबांनी तीन दिवस उपास केला. स्वतःच्या रेघांपाशी आल्यावर गोष्टी संपल्या. नुसते सन राहिले, एकामागोमाग एक, आणि ते सांगताना त्यांचा आवाज गोदामात खोके मोजताना असायचा तसा झाला. आठवा सन सांगून ते थांबले. पिंडीवरच्या गळतीच्या भांड्यातून थेंब पडायला हवा होता, पण पडत नव्हता.

जयसिंगने फोटो काढला. इराने काही टोमणा मारला नाही, आणि त्यामुळे टिकेकरांना जास्तच अवघडल्यासारखं झालं. त्यांनी जयसिंगचा कागद दानपेटीवर ठेवून सही केली. झोकदार, खाली दोन टिंबांची, गोदामातली जुनी सही.

सोमवारी सकाळी साडेनऊला टँकर लक्ष्मी गेटच्या कमानीशी अडला, मागे गेला, पुन्हा आला आणि शेवटी तिथूनच लांब पाइप टाकून उभा राहिला. टँकरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बदलती जलवायु, सजग झाँसी'. टिकेकर सोवळं नेसून दारात उभे होते आणि त्या अक्षरांकडे पाठ करून संकल्प सोडत होते. टँकरच्या पाण्यात त्यांनी दोन पळ्या गंगाजल घातलं, म्हणजे ते पाणी कुठून आलं हा प्रश्न मिटला. गाभारा भरत गेला. अकरा वाजून दहा मिनिटांनी पिंडीचा माथा दिसेनासा झाला आणि गल्लीने हर हर महादेव केलं. उरलेल्या तीन हजार लिटरांवर बायकांची झुंबड उडाली. पहिली बादली शकुंतलाबाईंची होती, दुसरीही, आणि आपण अध्यक्षांच्या घरच्या आहोत हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच मोठ्याने सांगितलं. चौकातले पंपवाले मागे उभे राहून बघत होते. टिकेकरांनी त्यांना मुद्दाम तीर्थ दिलं, दोन दोन पळ्या.

आभाळ पांढरंफटक होतं. ढगाचा एक तुकडा नव्हता.

गर्दी पांगल्यावर रेघ ओढायची राहिली. डाव्या चौकटीवर जागाच नव्हती. टिकेकरांनी शेंदराची वाटी घेतली, उजव्या चौकटीशी गेले, थांबले, आणि घरातून स्टूल मागवलं. इरा ते घेऊन आली. टिकेकर त्यावर चढले, टाचा उंचावल्या, आणि चौकटीच्या अगदी वरच्या टोकाला, हात पोचेल तिथे, आपली स्वतःची नववी रेघ ओढली. मग स्टुलावर उभं राहूनच खालच्या कोऱ्या दगडाकडे त्यांनी एकदा नजर टाकली, वरून उंबऱ्यापर्यंत.

इराने ती नजर पाहिली.

"बाबा, इतक्या वर का? खाली एवढी जागा कशासाठी सोडली?"

टिकेकर स्टूल धरून सावकाश उतरले. बोटांचा शेंदूर धोतराला लागू नये म्हणून हात दूर धरला होता.

"म्हणजे तुम्हाला पण माहिती आहे," इरा म्हणाली. "आता सहीपण केली तुम्ही. मान्य केलं ना, हवामान बदलतंय म्हणून?"

टिकेकर म्हणाले, "सही केली म्हणजे मान्य केलं, असं कोणी सांगितलं तुला? बत्तीस वर्षं मी 'माल सुस्थितीत मिळाला' असं लिहून खाली सही केली. एकदाही खोका उघडून बघितला नाही."